अभ्यासिकेत गेम हवेत

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीह आटोपून अंधेरीच्या जुहू गल्लीत बहिणीकडे चहाला गेलो होतो. माझा १६ वर्षांचा भाचा जुन्या लॅपटॉपसमोर बसला होता. मला पाहताच म्हणाला, "मामू, बरं झालं आलात. हिला आत सोडू का?"

"कुणाला?"

"ही बघा. हिच्या नवऱ्याचे कागद बरोबर होते, त्याला आत्ताच सोडलं. जाता जाता तो म्हणाला, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा नीट वागा. आता ही आली, तर हिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नाही. परत पाठवलं तर तिकडे मला मारतील म्हणते. आणि सोडलं तर मला मेमो मिळणार."

गेमचं नाव 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोप नावाच्या एकट्या माणसाने तो बनवला आणि २०१३ मध्ये विकायला ठेवला. आकाराने इतका लहान की दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवरही चालतो. त्यात खेळणारा असतो एका काल्पनिक देशाच्या सरहद्दीवरचा कारकून. खिडकीसमोर रांग लागलेली. पासपोर्ट घ्यायचा, नाव, तारीख, फोटो ताडून पाहायचा आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. पगार मिळतो तो दिवसभरात किती माणसं बिनचूक तपासली त्यावर. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, पुढे पगार कापला जातो. रात्री हिशेब समोर येतो: भाडं, जेवण, घर गरम ठेवण्याचा खर्च, आजारी मुलाचं औषध. दया दाखवली तर आपल्याच घरची माणसं उपाशी राहतात.

आम्ही दोघांनी पंधरा मिनिटं वाद घातला. बहीण आतून ओरडत होती की चहा गार होतोय. शेवटी पोराने तिला आत सोडलं, मेमो घेतला आणि मला विचारलं, "मामू, नानांच्या कागदांचंही असंच झालं होतं ना?"

झालं होतं. माझ्या वडिलांचं आडनाव रेशन कार्डावर आधी, शाळेच्या दाखल्यावर नंतर, आणि मतदार यादीत गायबच. ऑगस्ट २०१९ मध्ये आसामची एनआरसी यादी आली आणि १९ लाखांहून जास्त माणसं तिच्याबाहेर राहिली. त्यानंतरच्या हिवाळ्यात घाटकोपरच्या आमच्या वस्तीत रोज संध्याकाळी कागद दुरुस्त करायला गर्दी व्हायची. मी शेकडो अर्ज भरून दिले. ते सगळे टेबलाच्या अलीकडे बसून. पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाला काय दिसतं, त्याला कसली भीती असते, तो नियमाआड का लपतो, याचा विचार मी कधी केला नव्हता. त्या रात्री डी. एन. नगरहून घाटकोपरची मेट्रो पकडली तेव्हा डोक्यात हेच होतं.

आणि दुसरीही एक गोष्ट डोक्यात होती. चारच महिन्यांपूर्वी मी एका ठरावावर सही केली होती.

आमच्या मोहल्ल्यात एक लहानशी अभ्यासिका आहे. दोन कम्प्युटर, देणगीत आलेले तीन लॅपटॉप, पंचवीस-तीस मुलं-मुली. मी तिच्या कमिटीत आहे. एका रिक्षावाल्या भाईंच्या मुलाने मोबाईलवर पत्त्यांचा पैशांचा खेळ खेळून रिक्षाच्या हप्त्याचे पैसे घालवले. भाई कमिटीसमोर येऊन रडले. त्याच बैठकीत ठराव झाला: अभ्यासिकेत कोणताही गेम नको, आणि ज्या मशिनवर तो दिसेल ते मशिन महिनाभर बंद. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. तो मुलगा हरला होता घरी, स्वतःच्या मोबाईलवर. अभ्यासिकेच्या लॅपटॉपचा त्यात काही संबंध नव्हता. पण 'गेम' हा शब्द एक, म्हणून शिक्षाही एक.

माझी सही चुकली होती, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पैसे लावून खेळायचा खेळ आणि गोष्ट सांगणारा गेम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सरकारलाही हा फरक कळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैशांच्या खेळांवर बंदी आहे. ई-स्पोर्ट्स आणि विरंगुळ्याचे खेळ त्यातून वेगळे काढले आहेत. जुगार आपल्याकडे हराम आहे, त्यावर वाद नाही. पण पत्त्यांचा जुगार चालतो म्हणून आपण कागदावर छापलेल्या सगळ्याच वस्तूंवर बंदी घालत नाही.

मोठ्यांच्या मनातली दुसरी भीती मला जास्त समजते, कारण ती मी स्वतः जगलो आहे. आमच्या तरुणपणी गेम म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून किंवा स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरून आणलेली नकली सीडी. ज्याच्या घरी प्लेस्टेशन, त्याच्या घरी अख्खी गल्ली. आणि पडद्यावर काय? वाळवंट, मिनार, तोंड बांधलेले दाढीवाले, आणि त्यांना टिपणारे आम्ही. मारणारे हात आमचे आणि मरणारे चेहरेही आमच्यासारखेच. तेव्हा त्याचं काही वाटत नसे. २००९ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' मध्ये कराची शहर आहे, आणि तिथल्या दुकानांच्या पाट्या अरबीत आहेत. कराचीत उर्दू वाचतात, एवढंही बनवणाऱ्यांनी कुणाला विचारलं नाही. चेक अभ्यासक विट शिस्लर यांनी २००८ मध्येच यावर शोधनिबंध लिहिला. अरब आणि मुस्लिम माणूस गेममध्ये बहुतेक वेळा नाव नसलेला शत्रू म्हणूनच येतो, हे त्यांनी उदाहरणांसह मांडलं.

ती तक्रार खरी होती. फक्त आम्ही तिथेच थांबलो. त्यानंतरच्या काळात गेम बनवणारे आणि विकणारे बदलले, तिकडे आमचं लक्ष गेलं नाही.

पूर्वी गेम दुकानात पोहोचवायला मोठी कंपनी लागायची. डाउनलोडने ती अट काढली. स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानात किंवा २०१३ मध्ये सुरू झालेल्या इच डॉट आयओवर दोन-चार माणसं, कधी एकटा माणूसही, आपला गेम ठेवू शकतो. यांना इंडी गेम म्हणतात, म्हणजे स्वतंत्रपणे बनवलेले. बरेचसे सेलमध्ये सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त मिळतात, काही फुकट असतात. आणि या दारातून ती माणसं आत आली, ज्यांना मोठ्या गेमांनी फक्त मरायला ठेवलं होतं.

अब्दुल्ला करम हा सीरियातून निसटून ऑस्ट्रियात पोहोचलेला तरुण. २०१७ च्या 'पाथ आउट' मध्ये तो स्वतःच्याच पलायनाची गोष्ट सांगतो. मध्येच पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा खरा चेहरा येतो आणि तो खेळणाऱ्याची थट्टा करतो. त्याच वर्षीच्या 'बरी मी, माय लव्ह' मध्ये सीरियातून युरोपकडे निघालेली नूर आणि मागे राहिलेला तिचा नवरा मजद यांचे मोबाईलवरचे निरोप आहेत, अगदी व्हॉट्सॲपसारखे. आपण मजद असतो. सल्ला द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. शेवट १९ प्रकारचे आहेत आणि सगळेच सुखाचे नाहीत. नवरा आखातात, बायको गावी, हे कोकणातल्या आमच्या किती घरांनी पाहिलं आहे! इथे फक्त बाजू उलटी आहे. वाट पाहणं तेच.

पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचे रशीद अबू ईदा यांनी २०१६ मध्ये 'लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर' केला. गाझातला एक बाप आपल्या लहान मुलीला घेऊन धावतो, एवढंच त्यात आहे. ॲपलने आधी त्याला गेमच्या विभागात घ्यायला नकार दिला. बातमी किंवा संदर्भ विभागात टाका म्हणाले. लोकांनी आवाज उठवल्यावर निर्णय फिरवला. २०२१ मध्ये इच डॉट आयओवर हजाराहून अधिक गेम एकत्र करून कमीत कमी ५ डॉलरला विकले गेले आणि पैसे पॅलेस्टाइनमधल्या अन्नमदतीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या यूएनआरडब्ल्यूए या संस्थेला दिले गेले. अबू ईदांचा गेमही त्यात होता.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' साठी आधी लोकवर्गणी मागून पाहिली, ती पुरेशी जमली नाही. तरी ते मागे हटले नाहीत. २०२० मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळवून गेला. सर्कशीतली एक पोर आपल्या भावाला शोधत निघते, अशी ती गोष्ट. टोरांटोत बनलेला 'वेंबा' (२०२३) कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा आहे. आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीवरून इडली, बिर्याणी जमवायची आणि भाषा विसरत चाललेल्या मुलाला धरून ठेवायचं. त्याला बाफ्ताचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या रस्त्यांवर घडणारा 'मुंबई गलीज' इथल्याच गेमऑन स्टुडिओने २०२० मध्ये जाहीर केला. युबिसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीने २०१८ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. म्हणजे चित्रकार, लेखक, संगीतकार, प्रोग्रामर यांना इथे काम आहे. आमच्या अभ्यासिकेतली पोरं मात्र त्या वाटेवर पाऊलही ठेवणार नाहीत, कारण 'गेम' शब्द दिसला की मशिन बंद.

आता आक्षेप. ते मी टाळणार नाही.

वेळ जातो आणि सवय लागते, हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजारांच्या यादीत घेतला आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण वर सांगितलेले बहुतेक गेम दोन-पाच तासांत संपतात. त्यांना शेवट असतो. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडेल असा तगादा त्यात नसतो. सवय लावायला बनवलेला गेम आणि संपवायला बनवलेला गेम यांतला फरक मुलांना शिकवायचा असेल, तर दोन्ही त्यांच्यासमोर ठेवून बोलावं लागेल.

मजकूर काय असतो, हाही प्रश्न रास्त आहे. 'पेपर्स, प्लीज' मध्येच झडतीच्या यंत्रात उघडं शरीर दिसतं; ते सेटिंगमध्ये बंद करता येतं. पण ते बंद करायला मोठ्या माणसाने गेम आधी स्वतः उघडून पाहायला हवा. आम्ही तेवढे कष्ट घेतले नाहीत आणि ठराव केला.

"गरिबाच्या पोराला हे चोचले कशाला?" हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. आमच्याच एका ज्येष्ठांनी ते उच्चारलं. कादंबरी, नाटक, सिनेमा यांबद्दलही कधीकाळी हेच म्हटलं जात होतं, विशेषतः मुलींच्या बाबतीत. परिणाम असा की बंदी असली तरी मुलगे सायबर कॅफेत किंवा मित्राकडे जाऊन खेळतात, आणि मुलींना तेवढंही नाही. भाच्याच्या बाजूला त्या रात्री त्याची १३ वर्षांची बहीण बसली होती. गेममधलं इंग्रजी तीच पटापट वाचून सांगत होती. शिक्का मात्र भाऊ मारत होता. मी तिच्याकडे माऊस द्यायला लावला, तेव्हा तिने पुढच्या माणसाच्या पासपोर्टमधली चूक आम्हा दोघांच्या आधी पकडली.

म्हणून कमिटीपुढे माझा प्रस्ताव साधा आहे. पैशांच्या खेळांवर बंदी कायम ठेवा. रविवारी दुपारी दोन तास एक लॅपटॉप मोठ्या भिंतीकडे वळवा. सात-आठ गेम निवडा, विकत घ्या, नकली नकोत. कारण बनवणाराही कुणाचा तरी पोरगा आहे. एक जण खेळेल, बाकीचे पाहतील, वाचतील, भांडतील. माऊस आलटून पालटून मुलींकडेही जाईल. सोबत कमिटीतला एक जण बसेल आणि शेवटी अर्धा तास बोलणं होईल: तू काय केलंस, का केलंस?

आणि सहा महिन्यांनी मुलांनी स्वतः बनवावं. ट्वाइन नावाचं फुकट साधन आहे. त्यात प्रोग्रामिंग न शिकताही "हे निवडलं तर इकडे, ते निवडलं तर तिकडे" अशी गोष्ट लिहिता येते, मराठीत, उर्दूतही. खोली रिडेव्हलपमेंटला गेल्यावर भाड्याची जागा शोधणारं कुटुंब आणि नाव ऐकून फोन ठेवणारे दलाल, या विषयावर आमच्या मुलांकडे जेवढी माहिती आहे तेवढी जगातल्या कुठल्याच स्टुडिओकडे नाही.

पुढच्या महिन्यात कमिटीची बैठक आहे. मी माझी सही मागे घेणार आहे आणि लॅपटॉप सोबत नेणार आहे. ठरावावर बोलण्याआधी प्रत्येक सदस्याने दहा मिनिटं त्या सरहद्दीच्या खिडकीत बसावं, एवढीच माझी विनंती असेल. ज्या ज्येष्ठांनी चोचले म्हटलं, त्यांच्या समोर ती बाई परवान्याशिवाय येऊन उभी राहील. ते काय करतात, ते मला पाहायचं आहे. तुमच्या मोहल्ल्यातही अशी अभ्यासिका आणि असाच ठराव असेल, तर तुम्हीही एकदा करून पाहा.