जवान माणसाला लकवा? रक्त तपासून घ्या



लकवा हा म्हाताऱ्या माणसाचा रोग, अशी आपली समजूत. म्हणून पंचविशीतल्या पोराचे तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळू लागली, की घरचे गोंधळतात. कुणी म्हणते वारे गेले, कुणी म्हणते बाहेरची बाधा. अंगारेधुपारे करण्यात दोन दिवस जातात आणि तेवढ्यात मेंदूचे व्हायचे ते नुकसान होऊन बसते.

तरुणपणच्या लकव्याला कारणे अनेक आहेत. रक्तदाब, हृदयाच्या झडपेचा विकार, बिडी-तंबाखू. पण नागपूरकडच्या माणसाने आणखी एक कारण ध्यानात ठेवावे. ते म्हणजे सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१० साली एका रोग्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी असल्याचे जगाला सांगितले. आपल्या भागातही हा दोष आहे, हे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ साली दाखवून दिले.

निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते. ती सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी कडक असते आणि १० ते २० दिवसांतच मरते. म्हणून अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे दिसतात. शिवाय पाटात काडीकचरा अडकला की पुढच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसे या पेशी रक्ताची वाट अडवतात. हाडाकडची वाट अडली तर हाडे-सांधे ठणकतात. मेंदूकडची अडली तर लकवा. कधी रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तही सांडते. प्रत्येक रोग्याला लकवा होतोच असे नाही, पण धोका मोठा आणि तो लहान मुलांनाही असतो.

मग करावे काय? तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे, यांतले एकही लक्षण दिसताच १०८ नंबरला फोन लावा. तोंडाने काही पाजू नका. रक्त पातळ करणारी गोळी मनाने देऊ नका, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. अशा रोग्याला रक्त बदलून द्यावे लागते, म्हणजे उपचाराची दिशाच वेगळी.

रोग आधीच ठाऊक असेल तर पुष्कळ टाळता येते. डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नेमाने घ्यावी. उन्हात निंदणीला जाताना पाण्याचा डबा सोबत असावा, कारण अंगातले पाणी आटले की पेशी अधिक वाकतात. आजारी मुलांच्या मेंदूकडच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी मोठ्या रुग्णालयात होते. तिच्यावरून धोका आधीच समजतो.

हा दोष आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, बहुधा धडधाकट. दोन्ही वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक. म्हणजे आजारी लेकरासाठी एकट्या सुनेला बोल लावणे हा शुद्ध अन्याय आहे. तो दोष दोन्हीकडून आलेला असतो.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तीत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठेवली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. बोटातल्या थेंबभर रक्ताने पहिली चाचणी होते. दोष दिसला तर पक्की तपासणी मोठ्या दवाखान्यात करून घ्यावी लागते. घरात एक रोगी निघाला तर भावंडांचेही रक्त तपासा.

लग्न जुळवताना पत्रिका पाहता, हुंड्याची गोष्ट चोरून करता. त्याऐवजी दोन्हीकडचा रक्ताचा कागद समोर ठेवा. त्यात लाज कसली? पेरणीआधी बियाणे पारखणारे आपण, लेकरांच्या बाबतीत डोळे का मिटावे?