बिनसाखळीची सायकल

सायकलीची साखळी एकदांही उतरली नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत शोधूनही सांपडणार नाहीं. उशिरां येणाऱ्या मुलाचीं काळीं बोटें दिसलीं कीं कारण विचारावें लागत नाहीं. अशा मुलांस व त्यांच्या पालकांस आम्ही आज एका निराळ्या सायकलीविषयीं चार शब्द सांगूं इच्छितों. हिला साखळी नाहीं, पट्टा आहे. हिचे गिअर मोजतां येत नाहींत. आणि चढ लागला कीं वीज हिला हात देते. नेदरलँड्स व जर्मनी या देशांत विजेची सायकल आतां नवलाची राहिलेली नाहीं. २०२२ सालीं नेदरलँड्समध्यें विकल्या गेलेल्या नव्या सायकलींपैकीं निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. त्या सर्वच कांहीं बिनसाखळीच्या नव्हत्या; पण ज्या होत्या, त्यांच्याकडे पाहून आपल्याकडील हौशी मंडळींच्या तोंडास पाणी सुटूं लागलें आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों: यंत्र उत्तम आहे. परंतु तें कोणीं घ्यावें व कोणत्या अटीवर घ्यावें, हा प्रश्न निराळा आहे, आणि दुकानदार तो प्रश्न आपणहून काढीत नाहीं.

सायकलीस साखळी लागण्यापूर्वीं पायडलें पुढच्या चाकालाच जोडलेलीं असत. वेग हवा तर चाकच मोठें करावें लागे. म्हणून पुरुषभर उंचीचीं, बसणाऱ्यास तोंडघशीं पाडणारीं वाहनें निघालीं. १८८५ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यांनीं ‘रोव्हर’ नांवाची सायकल काढली. तिचें मागचें चाक साखळीनें फिरे. आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक सायकल तिचीच नात किंवा पणती म्हणावयाची. साखळीचे गुण थोर आहेत. स्वच्छ व तेल दिलेली साखळी पायांची शक्ति अगदीं थोडी वाया घालविते. पण ‘स्वच्छ व तेल दिलेली’ हे शब्दच कठीण! पहिल्या पावसांत चिखल उडतो, तेलांत धूळ बसून तिचा गंज-मलम होतो, आणि साखळी हळूहळू लांबून दांतांवरून सटकूं लागते.

गिअरांचा इतिहास याहून गमतीचा आहे. इंग्लंडांतील ‘स्टर्मी-आर्चर’ या नांवाचे तीन गिअरांचे हब १९०२ च्या सुमारास निघाले; त्यांत सर्व चक्रें मागच्या चाकाच्या तुंब्यांत बंद असत. फ्रान्सांत मात्र साखळीच एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलण्याची युक्ति रूढ झाली. तेथील सुप्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांस गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय वाटे, आणि ही युक्ति त्या शर्यतींत १९३७ सालापर्यंत चालूं दिली नाहीं. आज विजेच्या सायकलीकडे पाहून नाकें मुरडणारे लोक आम्हांस देग्रांजसाहेबांचे वंशज वाटतात. त्यांत थोडें आम्हीही आलोंच. पण तें पुढें.

आतां पट्टा घ्या. अमेरिकेंतील ‘गेट्स’ या कारखान्याचा पट्टा सायकलींत सर्वांस ठाऊक आहे. वरून तो प्लॅस्टिकच्या जातीच्या चिवट पदार्थाचा असतो व पोटांत कार्बनच्या तंतूंचे दोर असतात. त्यास तेल लागत नाहीं, गंज चढत नाहीं, पाण्यानें धुतला कीं काम झालें. पायजम्यास डागही लागत नाहीं. परंतु त्याचे हट्ट दोन. एक, तो अखंड असतो. साखळीसारखी कडी काढून तो उघडतां येत नाहीं, म्हणून सायकलीच्या सांगाड्यासच मागें एक सांधा ठेवावा लागतो व तेथून पट्टा आंत घालावा लागतो. साध्या सायकलीस मागाहून पट्टा बसविण्याचें स्वप्न त्यामुळें बहुधा स्वप्नच राहतें. दुसरा, तो एकाच सरळ रेषेंत धांवतो. या चक्रावरून त्या चक्रावर उडी मारणें त्यास जमत नाहीं. शिवाय त्याचा ताण नेमका लागतो. तो पाहण्याची रीत मोठी मजेची आहे: तंबोऱ्याची तार छेडावी तसा पट्टा छेडावयाचा, आणि फोन त्याचा सूर ऐकून ताण कमी कीं जास्त तें सांगतो. हाच पट्टा दुमडला किंवा पिळला, तर आंतील तंतु तुटतात व तो निकामी होतो.

पट्टा सरळच धांवणार, तर गिअर चाकाच्या तुंब्यांतच असले पाहिजेत, हें ओघानेंच आलें. तुंब्याचे प्रकार अनेक. पण सर्वांत नवलाचा तो, ज्यांत दांते मुळींच नाहींत. कॅलिफोर्नियांतील फॉलब्रूक या कंपनीनें तो ‘नूविंची’ या नांवानें बाजारांत आणला. नांव अर्थातच लिओनार्दो द विंची यांजवरून. हल्लीं तो ‘एन्व्हिओलो’ या नांवानें विकला जातो. त्याची रचना समजण्यास भूगोलाच्या तासाचा पृथ्वीचा गोल डोळ्यांपुढें आणावा. दोन तबकड्या समोरासमोर आहेत व त्यांच्यामध्यें असे कित्येक लहान पोलादी गोल वर्तुळांत बसविले आहेत. एक तबकडी पायडलांकडून फिरते, दुसरी चाकास फिरविते. गोलांचे आंस सरळ असतां दोन्ही तबकड्या गोलास सारख्याच अक्षांशावर टेकतात, आणि दोघींचा वेग सारखा. आतां मूठ पिळून आंस कलते केले. पहिली तबकडी ध्रुवाजवळच्या लहान वर्तुळावर टेकली व दुसरी विषुववृत्ताजवळच्या मोठ्या वर्तुळावर, तर चाक पायडलांकडील तबकडीहून अधिक वेगानें फिरूं लागतें. उलट कलविले तर हळू फिरतें, पण जोर वाढतो. आंस कितीही अल्प कलवितां येत असल्यामुळें पहिला, दुसरा, तिसरा असे गिअरच नाहींत; पाण्याचा नळ थोडा थोडा उघडावा तसा बदल होत जातो. या जातीच्या एका हबांत तबकडीच्या एका फेऱ्यामागें चाकाचे अर्ध्या फेऱ्यापासून १.९ फेऱ्यांपर्यंत कोणतेंही प्रमाण मिळतें. हातमुठीजवळ एक चिमुकलें चित्र असतें. चढाचा गिअर लावला कीं त्यांतील रस्त्याची रेघ टेकडीसारखी वर येते. यांतील शक्ति दांतांवांचून, एका विशिष्ट तेलाच्या अतिपातळ थराच्या पकडीनेंच पुढें जाते.

पालकमंडळींस हें अगदींच परकें वाटूं नये. त्यांच्या बिनगिअरच्या स्कूटरींत गोल नाहींत, पण तत्त्व तेंच आहे. तेथें दोन कप्प्यांमध्यें रबरी पट्टा आहे व कप्प्या मिटतात-उघडतात तसा वेग बदलतो. १९५८ सालीं हॉलंडांतील ‘डाफ’ मोटारींत हीच युक्ति आली होती, आणि आपल्याकडे १९८४ नंतर ‘कायनेटिक होंडा’ स्कूटरीनें ती घरोघर नेली.

राहिली वीज. युरोपच्या कायद्याप्रमाणें मोटर २५० वॅटची असते, पायडल मारल्यासच ती साह्य करते, व ताशीं २५ किलोमीटर वेग झाला कीं थांबते. सामान्य माणूस तासभर नेटानें पायडल मारून सुमारें १०० वॅट शक्ति देतो. तेव्हां ही मोटर म्हणजे मागें अडीच माणसें ढकलत असल्यासारखें झालें. पुष्कळ सायकलींची बॅटरी ५०० वॅट-तासांची असते, म्हणजे आपल्या मीटरवरील अर्धें युनिट. तेवढ्या विजेंत ७५ वॅटचा पंखा पुरते सात तासही चालत नाहीं! पायडलांजवळ बसविलेल्या मोटरीचा हा सारा जोर साखळीवरच येतो व ती लौकर झिजते. म्हणूनच पट्टा व बंद हब यांची विजेशीं सोयरीक जुळली.

एवढे गुण असतां आमचा अडखळा कोठें? या हबाचें वजन सुमारें अडीच किलो असतें, आणि साध्या साखळी-चक्रापेक्षां त्यांत शक्ति अधिक वाया जाते. वीज आहे म्हणून तें जाणवत नाहीं. बॅटरी संपल्यावर मात्र चांगलेंच जाणवतें! पण हें गौण. खरी गोष्ट अशी कीं, आपला चौकांतला सायकलवाला, जो झाडाखालीं बसून पाना व टायरलिव्हर यांवर संसार करतो, त्यास हें हब उघडतां येत नाहीं. त्यास पट्टा मिळत नाहीं. साधें पंक्चर काढण्यासाठीं चाक उतरवावयाचें तरी गिअरची जोडणी सोडवावी लागते. चौदा वर्षांच्या मुलाची साखळी उतरते व तो ती काडीनें पुन्हां चढवितो, यांत त्याचीं बोटें काळीं होतात खरीं. पण यंत्र आपलें आहे व आपल्या हातचें आहे, हें त्यास तेथें कळतें. बंद डब्याकडून तें कसें कळावें?

ही भीति पोकळ नाहीं. ॲमस्टरडॅमची ‘व्हॅनमूफ’ ही विजेच्या सायकलींची नांवाजलेली कंपनी २०२३ च्या जुलैंत दिवाळखोर झाली. तिच्या सायकलींचे पुष्कळसे भाग तिचेच खास. आणि कुलूप उघडावयाचें तें फोनवरून, कंपनीकडील किल्लीनें. मालक घाबरले कीं, कंपनीबरोबर किल्लीही जाणार काय? शेवटीं ‘काउबॉय’ नांवाच्या बेल्जियमच्या प्रतिस्पर्धी कंपनीनें त्यांच्या किल्ल्या जपून ठेवण्याची सोय करून दिली, व पुढें व्हॅनमूफलाही नवा धनी मिळाला. पैसे मोजून घेतलेली सायकल स्वतःच्या दारांत उभी असतां ती उद्यां उघडेल कीं नाहीं याची काळजी करावी लागावी, ही स्थिति आम्हांस लाजिरवाणी वाटते. युरोपीय संघानें २०२३ सालीं बॅटरीविषयीं केलेल्या नियमांत असें घातलें आहे कीं, अशा वाहनांची बॅटरी कोणाही स्वतंत्र कारागिरास काढतां व बदलतां आली पाहिजे. हें कलम लागू होण्याचा दिवस १८ फेब्रुवारी २०२७ हा ठरविला आहे. असाच नियम हबास व पट्ट्यास व्हावा, असें आमचें मत आहे.

मग ही सायकल कोणीं घ्यावी? हॉलंडांत पुढें लाकडी पेटी असलेल्या सायकलींतून आई दोन-तीन मुलांस शाळेंत पोंचविते; तिला वीजही हवी व न झिजणारा पट्टाही हवा. आपल्याकडे गुडघे कुरकुरूं लागलेले शिक्षक, टेकडीवरच्या दवाखान्यांत जाणाऱ्या परिचारिका, डबे पोंचविणारे, यांच्यासाठीं आम्ही आनंदानें हात वर करूं. सपाट रस्त्यावर दोन मैल येणाऱ्या धडधाकट मुलासाठीं मात्र नाहीं. त्याला साखळीची सायकल द्यावी व सोबत तेलाची बुधली द्यावी.

येथें एक पालक म्हणतील, “आमचा मुलगा सायकल मागतच नाहीं, स्कूटर मागतो.” येथें आमचा आग्रह सैल होतो, हें कबूल केलें पाहिजे. स्कूटर कीं विजेची सायकल, असाच प्रश्न असेल तर आम्ही निःशंक सायकलीच्या बाजूनें आहों. तिच्यावर पाय तरी हालतात, आणि वेगाला लगाम आहे. भारताच्या नियमाप्रमाणेंही, मोटर पाव किलोवॅटहून कमी, वेग ताशीं पंचवीस किलोमीटरहून कमी व बॅटरीखेरीज वजन साठ किलोहून कमी असेल, तर तें मोटार-वाहन गणलें जात नाहीं. लायसन्स व नोंदणी लागत नाहीं. यापलीकडचा वेग देऊं, असें कोणी कानांत सांगेल, तर त्या दुकानाची पायरी उतरावी.

आणि घ्यावयाचीच ठरली, तर विक्रेत्यास मागचें चाक आपल्या डोळ्यांदेखत काढून पुन्हां बसविण्यास सांगावें. जमल्यास आपल्या सायकलवाल्यासही बरोबर न्यावें. त्याला चहा पाजावा लागेल, पण तो जे प्रश्न विचारील ते आपणांस सुचणार नाहींत.