व्यसनमुक्तीच्या वाटेवरचा कायद्याचा अडसर

पंजाबच्या सीमेवर ड्रोन पाडला की त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांत झळकते. २०२४ या एका वर्षात सीमा सुरक्षा दलाने केवळ पंजाबच्या सीमेवर अडीचशेहून अधिक ड्रोन हस्तगत केले. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात सुमारे तीन हजार किलो हेरॉइन पकडले गेले. रणांगणावर जे साधले नाही ते या पांढऱ्या भुकटीने साधावे, हा सीमेपलीकडचा डाव सुजाण वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु जो माल पकडला गेला नाही, तो कोणाच्या तरी शिरेत उतरला आहे आणि तो ‘कोणी’ आपल्याच समाजातला तरुण आहे. त्याचे पुढे काय होते, या प्रश्नाला मात्र पहिल्या पानावर जागा मिळत नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अफू, हेरॉइन आणि त्या जातीच्या वेदनाशामक औषधांचे सेवन करणारे भारतात सुमारे सव्वादोन कोटी असून त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचाराची गरज आहे, असे त्यात म्हटले आहे. अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक ज्या आठ राज्यांत आहेत, त्यांत पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या बरोबरीने महाराष्ट्राचेही नाव आहे. ‘हा पंजाबचा प्रश्न’ असे म्हणून मान फिरवण्याची सोय त्यामुळे उरत नाही. तसे पाहिले तर ‘गर्द’ हा शब्द मराठी घरांत १९८० च्या दशकातच शिरला. पुण्यात डॉ. अनिता अर्थात सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ उभे केले, ते या गर्दच्या लाटेला उत्तर म्हणूनच.

व्यसनाधीन तरुणाला महिनाभर कोंडून ठेवावे, अंगातले विष उतरू द्यावे, चार उपदेशाचे शब्द ऐकवावेत आणि घरी धाडावे, ही समजूत आजही सार्वत्रिक आहे. अफूवर्गीय व्यसनात ती जीवघेणी ठरते. महिनाभराच्या खंडाने शरीराची सहनशक्ती उतरते. तलफ मात्र तशीच राहते. बाहेर पडलेला मुलगा जुन्याच मित्रांत जातो, जुन्याच मात्रेने सुई टोचून घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. म्हणूनच वैद्यकशास्त्राने निराळा मार्ग शोधला. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध हेरॉइन मेंदूत जेथे चिकटते तेथेच चिकटते, परंतु त्याचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही. तलफ शमते, नशा चढत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. ते विरघळवून टोचून घेण्याचा मोह होऊ नये म्हणून त्यात नॅलोक्सोन मिसळतात. ही गोळी जिभेखाली ठेवायची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच ब्युप्रेनॉर्फिनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. (अफूच्याच बोंडातील थेबाइन या द्रव्यापासून हे औषध बनते. ज्या गाझीपूरच्या कारखान्यातून ईस्ट इंडिया कंपनीने चीनला अफू पाजली, त्याच गाझीपुरात आज सरकारी देखरेखीखाली औषधांसाठी अफूवर प्रक्रिया होते. विष कोणाच्या हाती आहे, यावर बरेच अवलंबून असते.)

पंजाबने हा मार्ग उशिरा का होईना, स्वीकारला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तरनतारन, अमृतसर आणि मोगा या जिल्ह्यांत बाह्यरुग्ण उपचार केंद्रे सुरू झाली. त्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना ‘ओट’ म्हणतात. पंजाबीत ओट म्हणजे आसरा. त्यामागे राज्याची २०११ ची नियमावली आहे आणि २०२५ मध्ये तिच्या जागी नवी नियमावली आणली गेली. ‘चार आठवड्यांत नशेचा कणा मोडू’ अशी शपथ घेणारे काँग्रेसचे सरकार आले आणि गेले. पुढच्या सरकारने मार्च २०२५ मध्ये नशेविरुद्ध ‘युद्ध’ पुकारले. घोषणांच्या या गदारोळात खरे काम केले असेल, तर ते या केंद्रांच्या खिडकीपाशी सकाळी गोळी देणाऱ्या परिचारिकेने आणि समुपदेशकाने.

अडसर येथेच आहे. मार्च २०२० मध्ये केंद्राने टेलिमेडिसीनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दूरध्वनीवरून वा चित्रफितीच्या माध्यमातून डॉक्टरांनी काय लिहून द्यावे आणि काय नाही, याच्या याद्या त्यांत आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमातील प्रत्येक द्रव्य त्यांत सरसकट निषिद्ध यादीत टाकले आहे. ब्युप्रेनॉर्फिन त्या अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने तेही आपोआप बाद झाले. म्हणजे ‘ई-संजीवनी’वरून मधुमेहाचा, रक्तदाबाचा रुग्ण घरबसल्या औषध लिहून घेऊ शकतो, पण हेरॉइन सोडू पाहणारा शेतमजूर ज्या गोळीवर उभा आहे, तिची मात्रा पाच मिनिटांच्या दूरध्वनीवर बदलता येत नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, केंद्रे नोंदवण्याचे आणि चालवण्याचे नियम राज्य करते. तरी या एका ओळीपुढे राज्याचा इलाज चालत नाही.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो? देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. जे आहेत ते शहरांत. सीमेलगतच्या गावातला तरुण भाताच्या लावणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, बस पकडून, रांगेत उभा राहून परततो. असे दोनदा, चारदा होते. पाचव्यांदा तो जात नाही. कारण चिट्टा विकणारा त्याच्या गल्लीतच असतो आणि त्याला रांग लागत नाही. तस्कराने आपला माल उंबरठ्यापर्यंत आणला असताना औषध मात्र जिल्ह्याच्या ठिकाणीच बसून राहिले, तर ही लढाई कोण जिंकणार?

टाळेबंदीच्या काळात पंजाबने रुग्णांना दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्या एकदम घरी नेण्याची मुभा दिली, तेव्हा नव्याने नाव नोंदवणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. पुरवठा तुटलेला होता, हे त्याचे एक कारण. पण उपचार सोपा झाला की माणूस उपचाराकडे वळतो, हेही त्यातून दिसले.

अमेरिकेचा अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी पाहावा. इंटरनेटवरून मागवलेल्या वेदनाशामकाने कॅलिफोर्नियातील एका अठरा वर्षांच्या मुलाचा २००१ मध्ये बळी घेतला. त्याच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला: समोर बसवून तपासल्याशिवाय अशी औषधे ऑनलाइन लिहायची नाहीत. हेतू योग्यच होता. परंतु २०२१ आणि २०२२ मध्ये तेथे दरवर्षी लाखाहून अधिक लोक अतिमात्रेने मेले आणि विष रोखणारा नियम औषधही रोखतो आहे, हे ध्यानी आले. महासाथीत बंधन शिथिल झाले. दूरध्वनीवरून सहा महिन्यांपर्यंत ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची वाट मोकळी करणारा नियम जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र डॉक्टरने रुग्णाची औषधनोंद तपासली पाहिजे आणि औषधविक्रेत्याने ओळख पटवली पाहिजे, अशा अटी त्यात आहेत. दुसरी बाजू अशी की, त्याच देशात उत्तेजक गोळ्यांची ऑनलाइन खिरापत वाटल्याच्या आरोपावरून एका कंपनीच्या संस्थापिकेला २०२४ मध्ये अटक झाली. ज्या देशात औषध कंपन्यांनीच १९९६ नंतर वेदनाशामकांच्या नावाखाली व्यसन पेरले, त्याचे अनुकरण डोळे मिटून करण्याचे कारण नाही.

आपल्याकडेही गैरवापराची भीती काल्पनिक नाही. पंजाबातील खासगी केंद्रांतून कोट्यवधी गोळ्यांचा हिशेब लागत नसल्याचा वाद २०२० मध्ये गाजला होता. पण तो घोटाळा दूरध्वनीवरून झाला नव्हता. समोरासमोरच्या व्यवहारातच झाला होता. भारतात ही गोळी कोपऱ्यावरच्या औषध दुकानात विकली जात नाही, ती नोंदणीकृत केंद्रांतूनच मिळते. ती व्यवस्था मुळीच मोडू नये. पहिली तपासणी प्रत्यक्षच व्हावी. त्यानंतर रुग्णाने गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात यावे, बोटाच्या ठशाने ओळख पटवावी, परिचारिकेसमोर जिल्ह्याच्या डॉक्टरशी पडद्यावर बोलावे आणि गोळी तेथूनच, मोजून घ्यावी. डॉक्टरचा सल्ला तेवढा दुरून येईल, गोळी नव्हे. निषिद्ध यादीतून एका औषधाला, एका कारणासाठी, एवढ्या अटींवर वगळणे राष्ट्रीय वैद्यक आयोगाला आणि आरोग्य मंत्रालयाला अशक्य नाही. तस्कराविषयीची कठोरता त्याने तिळमात्र कमी होत नाही. १९८५ च्या कायद्यातही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम आहेच. विक्रेता आणि रुग्ण यांतला भेद कायदा जाणतो. नियमांची यादी करणाऱ्यांना तो विसर पडला.

आता थोडे आपल्या घरातले. ‘एक नशा सोडवून दुसरी लावायची, ही कसली मुक्ती?’ हा प्रश्न सेवाकार्यात आयुष्य घालवलेले कार्यकर्तेही विचारतात. त्यांच्या भावनेचा अनादर करण्याचे कारण नाही. सत्संग, संस्कार आणि मनोनिग्रह यांनी व्यसन सुटल्याची उदाहरणे समाजात आहेत. परंतु मनोनिग्रहासाठी माणूस आधी जिवंत राहावा लागतो. गोळीमुळे ज्याचा हात थरथरायचा थांबला आहे, तोच सत्संगाला बसू शकतो. काहींना ही गोळी वर्षभर लागेल, काहींना अनेक वर्षे. ती थांबवण्याची घाई डॉक्टरांपेक्षा नातेवाइकांना अधिक असते आणि बहुतेकदा लोकलज्जेपोटी असते, हे स्पष्ट बोलले पाहिजे. मुलाला ‘शिबिराला पाठवले आहे’ असे शेजाऱ्यांना सांगणारी घरे महाराष्ट्रातही थोडी नाहीत. त्याच सर्वेक्षणानुसार अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीसांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतो. उरलेल्या एकोणिसांत अशा लपवलेल्या मुलांचाही वाटा आहे. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांत या विषयाला जागा मिळाली, तर पुष्कळांचा संकोच गळून पडेल.

नियम बदलायला वेळ लागेल. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ आणि ‘टेलि-मानस’चा १४४१६ हे क्रमांक मात्र आजही चालू आहेत. गोळी लिहून देण्याचा अधिकार नसला तरी समुपदेशन आणि जवळच्या केंद्राचा पत्ता तेथून मिळतो. वस्तीतल्या अभ्यासिकेच्या, मंदिराच्या फलकावर ते लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.