वेळ नाही, की ओढ नाही?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका घरच्या आजी देवाघरी गेल्या. पार्थिव ओटीवर ठेवले होते. मुंबईहून, पुण्याहून नातवंडे धावत आली होती. सारी शिकलीसवरलेली, चांगल्या हुद्द्यांवरची. धर्मगुरू यायला अजून अवकाश होता. कोणीतरी म्हणाले, "तोवर रोझरी म्हणू या. घरच्यांनीच सुरुवात करावी." घरच्यांनी एकमेकांकडे पाहिले. थोरल्या नातवाने खिशातून मोबाइल काढला आणि त्यात तो दुःखाची रहस्ये शोधू लागला. अखेर शेजारच्या घरातील, भाजीच्या पाट्या वाहून उभा जन्म काढलेल्या एका बाईने माळ हाती घेतली आणि मग प्रार्थना सुरू झाली. ज्या आजींच्या बोटांखाली माळेचे मणी साठ वर्षे झिजले, त्यांना निरोप देण्यापुरतीही प्रार्थना त्यांच्याच घरात शिल्लक नव्हती.

हे घर वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. नाताळात तेथे सुरेख गोठा उभा राहतो, सणाला देणगी जाते, मुलांचे स्नानसंस्कार थाटात होतात. हे घर तुमचे आहे, आमचेही आहे. तेथे विचारणा केली असती तर उत्तर ठरलेले होते : "इच्छा खूप आहे हो, पण वेळच मिळत नाही!" या उत्तराशीच आज आम्हांला भांडायचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. वसईच्या घरातून पहाटे निघून चर्चगेटला जाणाऱ्या आणि रात्री विरारच्या गाडीतून चेंगरून परतणाऱ्या माणसाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. नवराबायको दोघांनी कमावल्याखेरीज घराचे हप्ते फिटत नाहीत, हे आम्ही जाणतो. रविवारी रुग्णालयात पाळी असलेल्या परिचारिकेला किंवा आजारी आईच्या उशाशी बसलेल्या मुलीला ख्रिस्तसभा दोषी धरीत नाही. आम्ही कोण धरणार? आमचा वाद आहे तो ज्याला वेळ आहे आणि तरीही जो 'वेळ नाही' म्हणतो त्याच्याशी. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांशी.

आपले वाडवडील काय रिकामे बसून होते? बागेला पाणी द्यायचे, केळीचे घड उतरवायचे, फुले आणि भाजी घेऊन काळोखात मुंबईची गाडी गाठायची, हा त्यांचा दिनक्रम होता. गोठ्यातल्या म्हशीला रविवार ठाऊक नसतो. धार रविवारीही काढावी लागे. तरीही संध्याकाळी आंजेलसची घंटा कानी आली की हातातले फावडे थांबत असे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात घर गुडघे टेकत असे. कष्ट त्यांना आपल्याहून कमी नव्हते, मग फरक कोठे पडला? त्यांच्या दिवसाचा धनी कोण, हे ठरलेले होते. आपल्या दिवसाला धनी पुष्कळ आहेत आणि प्रभूची पाळी सगळ्यांच्या शेवटी येते.

एक साधा हिशेब मांडू. आठवड्याची मिनिटे होतात 10,080. रविवारच्या मिस्सेला एक तास आणि रोजच्या रोझरीला वीस मिनिटे दिली, तर आठवड्याचे होतात 200 मिनिटे. म्हणजे शंभरात दोनही नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवण्यात रोज किती वेळ जातो हे तोच मोबाइल आपल्याला सांगतो. तो आकडा आज रात्री एकदा पाहावा आणि त्यानंतर 'वेळ नाही' हे शब्द उच्चारावेत.

"पूर्वी दिवस निवांत होते, श्रद्धा जपणे सोपे होते," असे म्हणणाऱ्यांनी इतिहासाकडे पाहावे. सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला तो इ. स. 321 मध्ये. त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे रविवार हा कामाचाच दिवस होता. त्या काळचे श्रद्धावंत, त्यांत गुलामही होते, उजाडण्यापूर्वी एकत्र जमत आणि मग कामाला जात. बिथिनियाचा रोमन अधिकारी प्लिनी याने इ. स. 112 च्या सुमारास सम्राटाला लिहिलेल्या पत्रात त्यांच्या या पहाटेच्या सभेची नोंद आहे. इ. स. 304 मध्ये उत्तर आफ्रिकेतील अबितिना गावच्या 49 ख्रिस्ती लोकांना रविवारची मिस्सा साजरी करताना पकडण्यात आले. बंदी असताना का जमलात, असे विचारता रविवारच्या या मेजवानीवाचून आम्हांला जगताच येणार नाही, असा त्यांचा जबाब होता. त्यासाठी त्यांनी प्राण दिले. आपल्याला कोणी पकडत नाही, कोणी बंदी घालत नाही. आपण मात्र पाहुणे आले म्हणून, सामना रंगला म्हणून, झोप पुरी झाली नाही म्हणून रविवार सोडून देतो!

आणि दूर आफ्रिकेत तरी कशाला जावे? वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर आपल्या पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांचा सण आपण साजरा करतो, मिरवणूक काढतो. परंतु त्यांच्या रक्ताने शिंपलेल्या त्या भूमीत पुढे काय घडले, हे आपल्या मुलांना आपण कधी सांगतो काय? 1614 मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. काही दशकांतच तेथे एकही धर्मगुरू उरला नाही. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, देऊळ नाही. दोनशेहून अधिक वर्षे हा काळोख होता. नागासाकीजवळच्या उराकामी गावच्या शेतकऱ्यांनी, बेटांवरच्या कोळ्यांनी श्रद्धा घरात जपली. गावातला एक माणूस मुलांना स्नानसंस्कार देई. दुसऱ्याकडे ख्रिस्ती सणावारांची दिनदर्शिका असे. आज कोणता सण, कोणत्या दिवशी काम वर्ज्य, हे तो गावाला गुपचूप कळवीत असे. पुढे 1865 च्या 17 मार्चला ओउरा येथील नव्या देवळात काही गावकरी आले, फादर पेतिजाँ यांच्याजवळ त्यांनी हळूच आपली श्रद्धा प्रकट केली आणि मरियामातेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. ते देऊळ ज्या सव्वीस हुतात्म्यांना समर्पित आहे, त्यांत आपले गोन्सालो गार्सिया आहेत.

वाचकहो, त्या गरीब शेतकऱ्यांकडे जीव मुठीत धरून सांभाळलेली एक दिनदर्शिका होती. आपल्या भिंतीवरही दिनदर्शिका आहे. तिच्यावर शिकवण्या, परीक्षा, हप्ते, लग्ने, सहली यांच्या खुणा आहेत. प्रायश्चित्तकाळाचा एखादा शुक्रवार, आगमनकाळाचा एखादा रविवार आपण तिच्यावर कधी खुणेने राखून ठेवला आहे काय?

येथे काही सुशिक्षित मंडळी पुढे होतात आणि म्हणतात, "काम हीच पूजा आहे. देव तर मनात आहे." वाक्य देखणे आहे, पण ते सोयीचेही आहे. मार्थेच्या घरी प्रभू आला, तेव्हा तिच्या स्वयंपाकाला त्याने दोष दिला नाही. पुष्कळ गोष्टींच्या काळजीत ती त्यालाच विसरली, ही त्याची तक्रार होती. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत आणि भांड्यांच्या खडखडाटातही देवाच्या सान्निध्यात राहत. पण प्रार्थनेची ठरलेली वेळ त्यांनी स्वयंपाकासाठी मोडली नाही. जो दिवसातून एकदाही देवापुढे थांबत नाही, त्याचे काम पूजा होत नाही. ते कामच राहते आणि हळूहळू देवाच्या जागी बसते. उलट, गृहस्थाने संन्याशासारखे तासन् तास प्रार्थनेत बसावे असेही कोणी म्हणत नाही. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी 1609 मध्ये प्रापंचिकांसाठी भक्तिजीवनावर ग्रंथ लिहिला. ज्याच्या त्याच्या अवस्थेला झेपेल अशी भक्ती असावी, हेच त्यांनी त्यात समजावून दिले.

आता थोडे आपल्या धर्मग्रामांविषयी, कारण हा दोष एकट्या घराचा नाही. आपली देवळेही कामात बुडाली आहेत. समित्यांच्या बैठका, स्पर्धा, स्नेहसंमेलने, सणाचे मांडव, कार्यक्रमांवर कार्यक्रम! या धांदलीत राबणाऱ्या कार्यकर्त्याला घरी जपमाळ म्हणायला सवड नसते आणि त्याचे त्याला काही वाटेनासे झाले आहे. लग्नाची मिस्सा छायाचित्रकारांच्या सोयीने चालते. मुलांची श्रद्धा आपण रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाकडे सोपवली आहे, गणित शिकवणीकडे सोपवावे तशी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडिलांना मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक ठरवले. पहिल्याच शिक्षकाने रजा घेतली, तर दुसऱ्याने काय करावे?

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. घरात दिवसाची एक वेळ ठरावी आणि त्या वेळी सारे मोबाइल एका टोपलीत जावेत. पूर्ण रोझरी जमत नसेल तर एक रहस्य म्हणावे, पण सर्वांनी मिळून म्हणावे आणि सुरुवात आळीपाळीने मुलांनी करावी. रविवारची मिस्सा आधी ठरवावी आणि बाकीचा रविवार तिच्याभोवती बसवावा. धर्मग्रामांनी महिन्यातला एक आठवडा तरी संध्याकाळची एकही बैठक ठेवू नये. त्या सात संध्याकाळी कुटुंबांना परत द्याव्यात.

यासाठी पैसा लागत नाही, मनुष्यबळ लागत नाही. लागते ती फक्त ओढ. ती नसेल, तर निदान 'वेळ नाही' असे खोटे तरी आपण देवापुढे बोलू नये.

त्या दिवशी माळ हाती घेणाऱ्या शेजारणीचे वयही आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. उद्या आपल्या ओटीवर आपले पार्थिव ठेवलेले असेल आणि कोणीतरी म्हणेल, "घरच्यांनीच सुरुवात करावी." त्या वेळी आपल्या घरातून कोणाचा आवाज उठणार आहे, हे आजच्या संध्याकाळी ठरायचे आहे.