अठरा तास कुणासाठी?

आपल्या वस्तीत दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक ब्युटी पार्लर दिसते. दहा बाय दहाची खोली, एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीवर तथागत व बाबासाहेबांचा फोटो. चालवणारी आपलीच कुणी ताई, कुणाची वहिनी, कुणाची सून. कुणी धुणीभांडी सोडून कोर्स केला, कुणी बचत गटाचे कर्ज काढून खुर्ची घेतली. ज्यांच्या आज्या दुसऱ्याच्या दारात राबल्या, त्यांच्या नाती स्वतःच्या दुकानाच्या मालकीण झाल्या, ही साधी गोष्ट नाही. पण या मालकिणीला सुट्टी कोण देतो, हे आपण कधी विचारले आहे का?

तिचा दिवस पाहा. पहाटे पाणी भरायचे, डबे, मुलांची शाळा. दहाला पार्लर उघडायचे. दुपारी बॅग उचलून सोसायट्यांत फेशियल, वॅक्सिंग. संध्याकाळी पुन्हा पार्लर. रात्री दहाला फोन : "सकाळी सहाला साडी नेसवायला येशील का?" थ्रेडिंगचा दोरा दातांत, मान वाकलेली, मनगट ठणकते. बाहेर सोय नसते म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबून ठेवायची. गिऱ्हाईक बाई खुर्चीत बसून घरचे रडगाणे सांगते, ते हसऱ्या चेहऱ्याने ऐकायचे. काही बायका आधी आडनाव विचारतात आणि मग चेहऱ्याला हात लावू देतात. तो अपमानही हसूनच गिळायचा.

असे वर्ष-दोन वर्षे चालले की काहीतरी तुटते. अंग दुखते, पण झोप लागत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होते. गिऱ्हाईक आले की आनंद होण्याऐवजी कपाळाला आठी पडते. हाताला पूर्वीची सफाई राहिली नाही, असे वाटू लागते. सगळा राग घरी मुलांवर निघतो. याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असे वाटणे. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही. सततच्या न आवरलेल्या ताणातून येणारी, कामाशी जोडलेली ही अवस्था आहे. म्हणजे दोष ताईत नाही, कामाच्या मांडणीत आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्याकडे कुणी थकलो म्हटले की लगेच ऐकवले जाते, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे." जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो, ते चांगलेच आहे. पण तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा त्यांनी कामगारांकडे अठरा तास मागितले नाहीत. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने त्यांचे स्वतःचे शरीर किती पोखरले होते, हेही आपण जाणतो. ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांनी समाजासाठी देह झिजवला. आपल्या लेकींनी भुवया कोरत देह झिजवावा, हा त्याचा अर्थ काढू नये.

तथागतांचेही उदाहरण आहे. मज्झिम निकायातील सेख सुत्तात कपिलवस्तूच्या शाक्यांना उपदेश चालू असताना भगवान आनंदाला म्हणतात, पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग, मी जरा आडवा होतो. बुद्धाला हे सांगताना लाज वाटली नाही. मग आपल्या ताईला का वाटावी?

"दुकान बंद ठेवले तर हप्ता कोण भरणार?" हा प्रश्न खरा आहे. म्हणून सुरुवात अर्ध्या दिवसाने करा. आठवड्यातून एक दुपार ठरवा आणि पाटीवर वेळ लिहा. रात्री नऊनंतर फोन घेऊ नका. लग्नाच्या ऑर्डरला आगाऊ पैसे घ्या, म्हणजे ऐन वेळी नकार आला तरी नुकसान होणार नाही. मुहूर्त आपण मानत नसलो तरी गिऱ्हाईक मानते, त्यामुळे पितृपंधरवड्यात काम थंड असते. लग्नसराईच्या कमाईतला थोडा भाग त्या दिवसांसाठी बाजूला ठेवा. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर दोन मिनिटे मान आणि मनगट सैल करा, पाणी प्या.

सर्वात मोठा उपाय मात्र एकटीने होणारा नाही. एका गल्लीत थ्रेडिंगचे दर दहा रुपयांनी उतरले की दुसरीही उतरवते, आणि दोघी जास्त राबून तेवढेच कमावतात. वस्तीतल्या पार्लरवाल्या ताईंनी रविवारी वंदनेनंतर विहारात एकत्र बसावे. एकच दरपत्रक करावे, सुट्टीचे दिवस वाटून घ्यावेत, एकीच्या सुट्टीत दुसरीने तिचे गिऱ्हाईक सांभाळावे. 'संघटित व्हा' हे कारखान्यातल्या कामगारांपुरते नाही.

घरच्या पुरुषांनाही सांगणे आहे. तिच्या कमाईवर घर चालते, तर पाणी भरणे आणि भाकरी थापणे तिच्या एकटीच्या वाट्याला कसे? समता घराच्या उंबऱ्यापाशी थांबत नाही.

थकवा महिनाभर हटत नसेल तर नुसते बर्नआउट समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयातील ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. मन सतत उदास असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. तिथे फोन लावणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे.

ताई, दिवसभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा तुम्ही पुसता. आठवड्यातली एक दुपार स्वतःसाठी ठेवा.