पाटी कुणाची, अक्षर कुणाचे?

गेल्या पंधरवड्यात आमच्याच गावचा एक तरुण खडेबाजार आणि गणपत गल्ली वही घेऊन पालथी घालीत होता. पाट्या मोजणारा कुणी सरकारी माणूस असावा, या भयाने दोघातिघा व्यापाऱ्यांनी त्याला चहाही पाजला! वस्तुतः तो अक्षररचनेचा विद्यार्थी. सुटीत घरी आलेला, आणि दुकानांच्या कपाळावरची अक्षरे जशीच्या तशी उतरवून घेणारा. त्याची वही आम्ही पाहिली, आणि खरे सांगावयाचे तर शरमलो.

वहीच्या डाव्या पानांवर जुन्या लाकडी पाट्या आहेत. खडू माखलेली दोरी ताणून पेंटरने शिरोरेषेची जागा आखली, तिच्याखाली सपाट कुंचल्याने अक्षरे लोंबती सोडली. तिरप्या कापलेल्या बोरूने जसा जाड-बारीक फरक पडतो, तसाच तो कुंचल्यातूनही उतरला आहे. जागा अपुरी पडली तेथे त्याने अक्षर चेपले नाही; काना जवळ घेतला, वेलांटीचा फाटा आवरला. ही विद्या त्याला कोणत्या शाळेने शिकविली?

उजव्या पानांवर आजचे फ्लेक्स आहेत. अक्षरे रबरासारखी ताणलेली, आणि 'ल' व 'श' सर्रास हिंदी वळणाचे. मराठी 'ल' पाकळ्यांचा, उजवीकडे उभा दंड नसलेला. मराठी 'श' देठाचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने हीच रूपे वापरण्याचा निर्णय काढला. परंतु संगणकाच्या युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना क्रमांक एकच. कोणते वळण उमटावे हे फाँट ठरवितो. छापणारा हाताशी असेल तो फाँट लावतो आणि आम्ही पैसे मोजून मोकळे होतो. मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा फाँट घडविणारे र. कृ. जोशी हे मराठी सुलेखनकार होते, हे आमच्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीने पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीची झाली. या सक्तीविषयी आमचे मत वाचकांस ठाऊक आहे. ते येथे उगाळीत नाही. परंतु जी जागा हाती उरते, तीत आम्ही काय लिहितो? जागेसाठी भांडावयाचे आणि तीत परक्या वळणाचा 'ल' बसवावयाचा, याला अभिमान म्हणावे काय? उजव्या पानांवर आमच्याच एका सभेचा फलक होता, हे सांगितल्यावाचून आम्हांस सुटका नाही. मजकूर आमचा, 'श' मात्र आमचा नव्हे. तो आम्ही तपासलाच नव्हता.

त्या वहीत कन्नड पाट्याही आहेत, आणि त्या असाव्यातच. शिरोरेषेचा आधार न घेता ती गोल अक्षरे एका ओळीत तोलून धरणारा हात पुष्कळदा तोच, मराठी पाटी रंगविणारा. अक्षराशी आमचे वैर नाही.

व्यापारी बंधूंनो, जुनी पाटी उतरवाल तेव्हा ती भंगारात घालण्यापूर्वी या मुलास बोलवा. तिचे छायाचित्र तरी राहील. नवी छापावयास द्याल तेव्हा नमुना मागून घ्या आणि त्यातला 'ल' पाहा. गल्लीतला पेंटर अद्याप हात चालवीत असेल, तर निदान दाराच्या चौकटीवरचे नाव त्याच्याकडून लिहून घ्या. पुढल्या सभेचा कापडी फलक आम्ही त्यालाच दिला आहे. रंग सुकावयास दोन दिवस लागतील, असे त्याने बजावले आहे.