शेअरमधला तोटाही दाखवावा लागतो, तोही मुदतीत

‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे वाक्य २०२५च्या अर्थसंकल्पानंतर घरोघरी पोहोचलं. वाक्य खरं आहे, पण ते पगार, पेन्शन, व्याज अशा उत्पन्नापुरतं. शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्याला वेगळा दर आहे. नव्या करप्रणालीतली कलम ८७एची सवलत त्या नफ्यावरच्या कराला मिळत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून कायद्यातच तसं स्पष्ट केलं आहे. वर्षाच्या आत विकून नफा झाला तर २० टक्के कर. त्याहून जास्त काळ ठेवून विकलं तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी हे दर १५ आणि १० टक्के होते.

याचा हिशेब असा. एखाद्याचा पगार वजावट जाऊन ९ लाख आणि शेअरमधला अल्पकालीन नफा १ लाख. पगारावरचा ३० हजारांचा कर सवलतीत पूर्ण माफ होतो. नफ्यावरचे २० हजार आणि सेसचे ८०० मात्र भरावेच लागतात. आता याच माणसाला आदल्या वर्षी ८० हजारांचा अल्पकालीन तोटा झाला होता असं धरू. तो तोटा तेव्हा नोंदवला असेल तर कर उरलेल्या २० हजारांवरच, म्हणजे सेससह ४,१६० रुपये. नोंदवला नसेल तर २०,८००. एका न भरलेल्या तक्त्याची किंमत १६,६४० रुपये!

‘तोटाच झालाय, मग दाखवायचं काय?’ ही समजूत इथे महागात पडते. भांडवली तोटा पुढची आठ वर्षं ओढून नेता येतो, पण त्या वर्षाचं विवरणपत्र मूळ मुदतीत भरलेलं असेल तरच. २०२४-२५ साठी ही मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली होती. त्यानंतर दंड भरून रिटर्न देता आलं, पण तोटा पुढे नेण्याचा हक्क गेला तो गेलाच. दंडाची सगळे चर्चा करतात, या हक्काची कुणी करत नाही.

वजावटीचे नियमही सरळ नाहीत. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. पगारातून यातलं काहीच वजा होत नाही. शिवाय तोटा आधी वजा होतो, सव्वा लाखाची सूट नंतर. त्यामुळे दीर्घकालीन नफा १ लाख आणि तोटा ६० हजार असेल, तर ज्या नफ्यावर मुळात कर नव्हता त्यातच तो तोटा खर्ची पडतो. फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा तर भांडवली नव्हेच, तो व्यवसायाचा. त्याचा फॉर्म आयटीआर-३.

फॉर्मची गल्लत सर्वात जास्त नोकरदारांची होते. आयटीआर-१ मध्ये आता सव्वा लाखापर्यंतचा शेअर-फंडांचा दीर्घकालीन नफा दाखवता येतो, म्हणून अनेकांना तोच पुरेसा वाटतो. पण अल्पकालीन नफा असेल किंवा पुढे न्यायचा तोटा असेल, तर आयटीआर-२ लागतो. एआयएसमध्ये विक्रीची रक्कम दिसते, म्हणजे ती खात्यालाही दिसतेच. खरेदीची किंमत तिथे बरोबर असेलच असं नाही, विशेषतः वारशाने आलेल्या शेअरची. अशा शेअरना वडिलांचीच खरेदी किंमत आणि तारीख लागू होते. जुने कागद शोधून ठेवलेले बरे.

घर-जमिनीच्या विक्रीत सीमाभागात आणखी एक गुंता हमखास येतो. प्राप्तिकर दोन्हीकडे एकच, पण मुद्रांकासाठीचं मूल्य त्या-त्या राज्याचं: बेळगावातल्या प्लॉटला कर्नाटकची गायडन्स व्हॅल्यू, चंदगडच्या घराला महाराष्ट्राचा रेडी रेकनर. हे मूल्य व्यवहाराच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर विक्रीची किंमत म्हणून तेच धरलं जातं. मग विकणाऱ्याच्या वहीत तोटा असला तरी विवरणपत्रात नफा निघू शकतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेला इंडेक्सेशनसह २० टक्के किंवा त्याविना साडेबारा टक्के, यातला कमी कर निवडता येतो. मात्र इंडेक्सेशन करून निघणारा तोटा पुढे नेता येत नाही.